वाढत्या मापाचा देवमासा

"सर, निळा देवमासा आणि इवलासा शिंजीर पक्षी यांची गाण्याची स्पर्धा लावली, तर जिंकेल कोण?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून पिटुकलीनं हे विचारलं खरं, पण तिचा आवाज आजवर दुसऱ्या बाकापलीकडे गेला नव्हता. सरांनी तीनदा "काय?" केलं. चौथ्यांदा अख्खा वर्ग खिदळला.

"झकास प्रश्न!" सर म्हणाले. "शुक्रवारी दोघांनाही मैदानावर आण. खऱ्या मापात. आणि उत्तर सगळ्या शाळेला ऐकू गेलं पाहिजे."

पिटुकलीनं तडक घर गाठलं. तिचे बाबा शिंपी, आई काज-बटणं करणारी.

"बाबा, देवमासा तीस मीटर, शिंजीर दहा सेंटिमीटर. अगदी नेमके हवेत हं!"

बाबांनी गळ्यातली टेप सारखी केली. "मासा वाढीला लागलाय का?"

"पूर्ण वाढलाय!"

"सगळे असंच म्हणतात."

पोरांचे कपडे वाढत्या मापाचे शिवायचे, हे बाबांचं ब्रीद. पिटुकलीच्या गणवेशाच्या बाह्या दोन वर्षं बोटांवर लोंबत होत्या. आता तीन दिवस उरलंसुरलं अस्तर जोडत आईबाबांनी मशीन बडवलं.

शुक्रवारी तिघांनी मिळून शाळेच्या मैदानावर देवमासा उलगडला. डोकं झेंड्याच्या खांबापाशी, पोट मैदानभर आणि शेपूट... फाटकातून थेट रस्त्यावर!

"बाबा! किती माया सोडलीत कापडाला? आणि हा शिंजीर कबुतराएवढा झालाय!"

"भरेल गं अंगानं," आई म्हणाली.

तेवढ्यात वळणावरून बस आली. तीन दिवसांची मेहनत चाकाखाली जाणार!

"थांबाऽऽऽ!"

बस थांबली. सायकलवाला थांबला. घंटेवर उगारलेला शिपाईमामांचा हातही थांबला. मुख्याध्यापिका धावत बाहेर आल्या. "कोण ओरडलं?"

"पिटुकली," मैत्रिणी पुटपुटल्या. आता आवाज त्यांचाच फुटेना.

घसा तापलाच होता, तेव्हा पिटुकलीनं उत्तरही देऊन टाकलं. "देवमाशाचा आवाज समुद्रात लांबवर जातो, पण इतका खोल, की आपल्या कानाला जेमतेमच कळतो. शिंजीर मुठीत मावतो, पण सकाळी सगळ्यांना उठवतो. म्हणजे जिंकणार कोण, ते ऐकणाऱ्यावर!"

बसमधल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

घरी बाबा खाली मान घालून शेपटीची घडी घालत होते. "चुकलंच माझं. नेमकं कापायला हवं होतं."

"छे हो! नेमकं कापलं असतंत, तर मी ओरडले असते का?" पिटुकलीनं दोघांना मिठी मारली. "आता ऐका. क्रीडादिनाला सगळ्या घोषणा मी करणार, ठरलंय माझं. आणि त्या दिवशीचा ड्रेस शिवाल ना, तो वाढत्या मापाचाच शिवा."