वरजिनल आप्पा

२६ मार्च १९६१, रविवार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बावीस दिवस बाकी. हजर: दगाजी आप्पा, नंदुरबारहून आलेला इस्माईल मिस्त्री, मी, आणि निंबाखाली पोट उघडून पडलेली जीप.

आप्पांनी नवी पिस्टन रिंग दोरीला टांगली, नखानं टिचकी मारली आणि कान लावला.

"डुपलीकेट," त्यांनी निकाल दिला.

"आप्पा, ती रिंग हय, देवळातली घंटा नाही," मिस्त्री म्हणाला.

ही टिचकी आमच्या तापीकाठच्या गावात सगळ्यांनी सोसलेली आहे. माठ, नारळ, तांब्या, कुणाच्या मनगटावरचं घड्याळ, काहीही हाती आलं की आप्पा आधी टिचकी मारणार आणि मग विचारणार, "वरजिनल शे का?" जगात त्यांच्या मते दोनच जाती, वरजिनल आणि डुपलीकेट. शेतकी खात्याचे साहेब आले, तेव्हा आप्पांनी त्यांच्या खुर्चीच्या पाठीला टिचकी मारली होती. साहेब थोडक्यात वाचले.

मी या गावच्या शाळेत आले ती रजेवरच्या बाईंच्या जागी, हंगामी. दोन वर्षं आप्पा मला चारचौघांत 'डुपलीकेट बाई' म्हणत. कायम झाल्याचा कागद आला त्या दिवशी नारळ घेऊन दारात उभे राहिले. "आत्ते तुम्ही वरजिनल व्हयनात!" आणि नारळ देण्याआधी त्यालाही एक टिचकी.

ते माझे शेजारी. जीपच्या सामानाचं पुस्तक इंग्रजीत, आणि आप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून या दुरुस्तीत माझा शिरकाव झाला. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. त्याच दिवशी मी वहीत अकरा कलमं लिहिली. पहिलं रिंगांचं. अकरावं, पाण्याच्या पंपाचं पॅकिंग बदलणे, कारण तिथून सतत थेंब गळे आणि आप्पा दर दोन गावांनंतर थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतत.

जीप लढाईनंतर लष्कराच्या टाकाऊ मालाच्या, 'डिस्पोजल'च्या लिलावात घेतलेली. इंजिन धूर ओकत होतं. मूळ कंपनीच्या रिंगांसाठी मी मुंबईला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं, माल नाही, कधी येईल सांगता येत नाही. देशी रिंगा धुळ्यात मिळत होत्या. त्यांतलाच एक जोड मिस्त्रीनं आणला होता.

"मन्ही गाडीमा डुपलीकेट जावाव नही."

"कंपनीनं विसरली ही गाडी, आप्पा. गाडी डिस्पोजल, तुमी डिस्पोजल, मी पण डिस्पोजल. वरजिनल कोण देणार आपल्याला?"

आप्पा हसले नाहीत. त्यांची अडचण मला ठाऊक होती. एकुलती एक लेक कमल खांडबाऱ्याला दिलेली. पाठवणी करताना आप्पांनी तिला शब्द दिला होता, दर आखाजीला ही जीप तुझ्या दारात उभी राहील. लेकींचा सण तो. झोके, गाणी, माहेरचा मांडा. आणि गेल्या दिवाळीत कमलची आई, सजनाबाई, गेली. आईविना ही पहिलीच आखाजी.

"खांडबाऱ्याला स्टेशन आहे. आगगाडीनं आणा तिला," मी सुचवलं.

"आगगाडी काय तिन्हा बापनी शे?" आप्पा म्हणाले. "जीप तिन्हा बापनी शे."

मी वही मिटली.

दहा दिवस गेले. रिंगा खिडकीत टांगलेल्या, जीप निंबाखाली. मग कमलचं कार्ड आलं, माझ्या नावावर. मी ते आप्पांना वाचून दाखवलं: 'बाई, आप्पांना विचारा, यंदा मला न्यायला येणार का? माय नाही, म्हणून विचारते.'

आप्पांनी कार्ड हातात घेतलं. सवयीनं टिचकी मारली. कानाशी मात्र नेलं नाही.

"बाई, इस्माईलले निरोप धाडा," ते म्हणाले. "सांगा, बसाड डुपलीकेट."

मिस्त्री चार दिवस राबला. मी एकेका कलमावर बरोबरची खूण करत गेले. दहा झाली. मिस्त्रीनं पंपाच्या बोल्टला पाना लावला, तोच आप्पांनी त्याचा हात धरला.

"तेले हात लावू नको."

"आप्पा, पाणी गळतं हय! पॅकिंग तर ट्रंकेत पडलंय, वरजिनल, कंपनीच्या कागदातलं!"

ते खरं होतं. मी ट्रंकेतली पुडी पाहिली होती. बसवलेलं पॅकिंग कसलं तर साध्या पुठ्ठ्याचं. कडेनं गुलाबी रंग डोकावत होता. मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, "आप्पा, वरजिनल ट्रंकेत आणि डुपलीकेट गाडीत? हा कुठला न्याय?"

"हाई बी वरजिनल शे," एवढंच म्हणून आप्पा लोटा भरायला गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. लेकीला आणायला एक बाईमाणूस हवं, म्हणून मीही. डुपलीकेट रिंगांचं इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. आप्पा दर मैलाला "आवाज हलका शे" म्हणत होते, पण तक्रारीत जोर नव्हता. पाण्यासाठी तीनदा थांबलो.

खांडबाऱ्याला कमल दारातच उभी होती. आप्पांच्या पाया पडली आणि उठायच्या ऐवजी तशीच वाकून जीपच्या पुढच्या बाजूला गेली. मातीवर एक थेंब पडला, मग दुसरा.

"आप्पा, मायना हातनं पॅकिंग शे अजून?"

आप्पा रेडिएटरचं झाकण उघडण्यात गुंग झाले.

मग कमलनं मला सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आई-आप्पा दोघं तिला न्यायला आले होते. परतताना रस्त्यात पॅकिंग फाटलं. सजनाबाईंनी लेकीच्या नव्या बांगड्यांच्या डबीचं गुलाबी झाकण घेतलं, कातरीनं कापलं, दाभणानं भोकं पाडली. "माय म्हने, घर लगून पोचाडी दी." घरापर्यंत पोचवील.

"थोडंसं पानी जास," आप्पा आमच्याकडे न बघता म्हणाले. "जाऊ द्या."

परतीच्या वाटेवर पाणी ओतायला कमल उतरली. आप्पांनी तिच्या हाती लोटा दिला पण त्याला नेहमीची टिचकी मारली नाही.

इस्माईल अजून भेटला की विचारतो, "बाई, अकरा नंबर?"

दहा कलमांपुढे खूण आहे. अकरावं बाकी आहे.