कपाळावरचा निळा खडू

"चेंडू डोक्याने मारणं आजपासून बंद," असं बायकोने वाढता वाढता जाहीर केलं आणि टेलरमास्तरांचा घास हातातच राहिला. बायको हॉस्पिटलात नर्स होती. घरीही ती औषध पाजल्यासारखंच बोलायची, नको म्हणायची सोय नसायची.

"अगं, हेडर म्हणजे फुटबॉलचा दागिना आहे."

"मग घालू देत मोठेपणी. लहान डोकी कोवळी असतात. स्पर्धेवाल्यांनीसुद्धा नियम केलाय. तुम्हीच तेवढे मागे राहिलात."

मास्तर दिवसभर गणवेश शिवत आणि संध्याकाळी लेकीच्या टीमला फुटबॉल शिकवत. तरुणपणी एका फायनलमध्ये त्यांनी डोक्याने गोल मारला होता. ती गोष्ट ते गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेता घेता सांगत, आणि गळ्याभोवती टेप असल्यामुळे गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकून घेई. पण नियम म्हणजे नियम. शिवाय गोलकीपर मुलीची आई, बँकेतल्या मॅडम, दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन स्पष्ट सांगून गेल्या.

"काल माझ्या मुलीने डोकं लावलेलं मी बघितलं. पुन्हा कुणी लावलेलं दिसलं, तर आम्ही चौघी आपापल्या मुली काढून घेऊ."

चार मुली गेल्या की टीम संपलीच. दिवसभर मशीनवर मान मोडून बसल्यावर लेकीबरोबर मैदानावर मिळणारा तो वेळ मास्तरांना जीव की प्राण होता.

त्यांनी शिंप्याचा उपाय काढला. कापडावर खुणा करायचा निळा खडू कुटून त्यांनी चेंडूला भरपूर चोळला. जिच्या कपाळावर निळं दिसेल ती पकडली जाईल. उपाय झकास होता. फक्त मुलींनी चेंडू हाताने उचलला, त्याच हातांनी घाम पुसला, आणि सगळी टीम निळी कपाळं घेऊन घरोघर गेली. ज्यांनी डोकं लावलं नव्हतं त्या जास्तच निळ्या होत्या. दिवेलागणीला दुकानासमोर आयांची रांग लागली. मास्तरांनी गयावया करून एका मॅचची मुदत मागून घेतली आणि तो चेंडू पिशवीच्या तळाशी ढकलून दिला.

मग दुसरा उपाय निघाला. चेंडू उंच आला की मास्तर "बसा!" म्हणत आणि सगळ्यांनी डोक्यावर हात घेऊन मटकन खाली बसायचं. मुलींना हा खेळ फुटबॉलपेक्षाही आवडला. दोनच दिवसांत त्यांना मास्तरांच्या ओरडण्याचीही गरज उरली नाही. भिंगरीने, म्हणजे मास्तरांच्या लेकीने, वर्गात बाईंनी खडू फेकला तेव्हासुद्धा बैठक मारली.

मॅचमध्ये व्हायचं तेच झालं. समोरच्या टीमच्या मुलीने चेंडू उंच उडवला आणि मास्तरांची सगळी टीम शिस्तीत खाली बसली. गोलकीपरही बसली. चेंडू तिच्या डोक्यावरून सावकाश जाळीत गेला.

"अगं, तू का बसलीस? तुला हात आहेत ना!" मास्तर कळवळले.

"ते डोक्यावर होते," गोलकीपर म्हणाली.

पण बाकावर मास्तरांच्या बायकोशेजारी बसलेल्या मॅडम समाधानाने मान हलवत होत्या, त्यामुळे मास्तरांनी तो गोल गोड मानून घेतला. टीम वाचत होती, एवढं त्यांना पुरे होतं.

मॅच संपत आली आणि चेंडूची हवा गेली. रेफ्रीने दुसरा मागितला. भिंगरी धावत गेली, बाबांच्या पिशवीत तळापर्यंत हात घातला आणि मिळाला तो चेंडू घेऊन आली. टीमला कॉर्नर मिळाला होता आणि तोही तीच मारणार होती. मास्तर तिला धीर द्यायला रेषेबाहेरून पुढे सरकत सरकत पार पलीकडच्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले होते.

भिंगरीने चेंडू असा काही उचलून मारला की मास्तरांचा ऊर भरून आला. चेंडू गोलसमोरून तरंगत निघाला. मास्तरांच्या मुली खाली बसल्या. त्यांना बसलेलं बघून समोरच्याही बसल्या. उभं असं कुणी उरलंच नाही आणि चेंडू सरळ मास्तरांकडे आला. पुढचं त्यांनी केलं नाही, ते झालं. पाय जमिनीवरून सुटले, मान वळली आणि चेंडू जाळीत जाऊन बसला.

रेफ्रीने गोल नाही अशी खूण केली.

"डोकं लागलंच नाही. खांद्याला लागला," मास्तर घाईघाईने म्हणाले.

बायको बाकावरून उठून आली. तिच्या मागे मॅडम होत्या. मास्तरांच्या कपाळाच्या मधोमध बशीएवढा निळा गोल उमटला होता.

"बाबा, नियम सगळ्यांना," भिंगरी म्हणाली आणि तिने त्यांच्या गळ्यातली शिटी काढून घेतली. बायकोने हाताला धरून त्यांना बाकावर बसवलं.

"आता डोकं तपासायला हवं. आज वार कोणता?"

"रविवार."

"मी कोण?"

"तुला कोण विसरेल?"

"आत्ताची मॅच काय झाली?"

मॅडम बघत होत्या. टीम बघत होती. एवढा सुंदर गोल, आणि तोही लेकीच्या पासवर. तो झालाच नाही म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना.

"एक-एक," ते म्हणाले.

"चुकलं. एक-शून्य, आपण हरलो." बायकोने मॅडमकडे वळून सांगितलं, "आठवडाभर मैदान बंद यांना. मुलींनी बघितलं ना, डोकं लावलं की काय होतं?"

"प्रशिक्षकालाही सोडत नाहीत म्हणजे नियम खरा आहे," मॅडम म्हणाल्या. "माझी मुलगी उद्यापासून रोज येईल."

मॅडम गेल्यावर मास्तर खांदे पाडून बसले. बायकोने पदर ओला करून त्यांचं कपाळ पुसायला घेतलं.

"तुझी ती परीक्षा खोटी होती," ते पुटपुटले. "माझं डोकं ठणठणीत आहे."

"माहितेय मला. लग्नाआधी तो फायनलचा गोल मी जाळीमागून बघितला होता." तिने निळ्या गोलाचा थोडा भाग तसाच ठेवला. "आजचा जास्त चांगला होता. पण आठवडा म्हणजे आठवडा."