आगीतही चपला बाहेर

सोसायटीच्या मीटिंगमध्ये अपूर्वने नकाशा उलगडला, तेव्हा त्यातला हिरवा बाण थेट पहिल्या मजल्यावरच्या आप्पांच्या हॉलमधून गेला होता.

"इलाज नाही, आप्पा," तो म्हणाला. आगीतून सुटायच्या वाटा आखणं हा त्याचा धंदा. "मीटर सगळे पुढच्या जिन्याखाली. तिथं पेटलं तर वरच्या मजल्यांनी मागच्या जिन्याने उतरायचं. पण मागची दारं बुजवून तुम्ही लोकांनी वॉशिंग मशीन ठेवलीत. उघडं दार एकच, तुमच्या स्वयंपाकघरातलं."

ते दार आप्पांच्या बायकोने, लीलाबाईंनी, बुजवू दिलं नव्हतं. सोनूबाई मासळी घेऊन मागूनच यायची. लीलाबाईंना जाऊन आठ महिने झाले. आता सोनूबाईही येत नसे; एका माणसाला मासळी लागणार ती किती. तेराव्यानंतर पुढच्या दाराची बेलही फारशी वाजली नव्हती.

"जाऊ देत माझ्या घरातून," आप्पा म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले.

"तीन मिनिटांत सगळे खाली पोचले पाहिजेत हां. नाहीतर हे दार बंद, आणि बाहेरून लोखंडी जिना."

रविवारी सराव ठरला. आप्पांनी सकाळीच फरशी पुसली, कोकम सरबताचे पेले घासून ठेवले. आगीतून पळणाऱ्याला सरबत विचारायचं नसतं हे त्यांना कळत होतं. तरी ठेवले.

शिट्टी झाली. वरचे सगळे धावत आले आणि आप्पांच्या दारात थांबले. एकेकाने वाकून चपला काढल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या निशिगंधाच्या सँडलचा पट्टा सुटेना, मागच्यांना वाट मिळेना. खाली पोचलेले तापलेल्या चिऱ्यांवर अनवाणी नाचायला लागले आणि चपला आणायला त्याच जिन्याने वर निघाले. उतरणारे आणि चढणारे मधल्या वळणावर अडकले.

एकोणीस मिनिटं लागली.

"आग लागलीय, आणि तुम्ही चपला काय काढता?" अपूर्व म्हणाला.

"मग काय घालून जायचं?" वरच्या मजल्यावरचे रावजी म्हणाले. "लीलावयनींच्या घरात? त्यापेक्षा आग परवडली."

संध्याकाळपर्यंत आप्पांची बेल वाजत राहिली. कुणाची डावी चप्पल बदलली होती, कुणाच्या दोन्ही. जो आला तो बसला, सरबत प्यायला, आणि चपलांवरून लीलाबाई आपल्याला कधी काय बोलल्या ते सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी अपूर्व पुन्हा आला. "आप्पा, लोक तुमचंच ऐकतील. नाहीतर दार बुजवावं लागेल."

चपलांच्या मांडणीत खालच्या फळीवर लीलाबाईंचा जोड तसाच होता. आप्पा त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी दारावर पाटी लावली: 'आग लागल्यास चपला काढू नयेत.' खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'तिला मी सांगतो.'

पुढच्या रविवारी शिट्टी झाली. माणसं धडधडत आली आणि गेली. कुणी इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. एक मिनिट पन्नास सेकंद. अपूर्वने खालून अंगठा दाखवला.

हॉलपासून ओट्यापर्यंत लाल मातीचे ठसे उमटले होते. पेले पालथे ते पालथेच. आप्पा फडकं घेऊन खाली बसले. पुसत पुसत मागच्या दाराशी पोचले, तर तिथं एक सँडल पडली होती, पट्टा तुटलेली. त्यांनी ती उचलली, जरा विचार केला, आणि केरसुणीमागे ठेवून दिली.

दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात निशिगंधा, एका पायात सँडल.

"आप्पा, माझी दुसरी इथं राहिली का हो?"

"बघायला हवं," आप्पा म्हणाले. "बस. वेळ लागेल."

तिने पायातली सँडल दाराबाहेर काढली आणि आत येऊन बसली.

आप्पांनी आधी दोन पेले सरळ केले. मग शोधायला सुरुवात केली, ती गॅलरीपासून.