साऱ्या चाळीचे ‘अहो’

दापोडीला रुळांच्या कडेला असलेल्या त्या चाळीत प्रत्येक बायको आपल्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणूनच हाक मारी, आणि त्या हाकेला ताबडतोब उठणारा पुरुष साऱ्या चाळीत एकच होता. तो म्हणजे कोंडीराम. अडचण एवढीच होती, की हाक कुणाच्याही बायकोची असली तरी उठायचा तोच.

शेजारच्या खोलीतल्या शालनबाई नळावरून ‘अहो’ म्हणाल्या, की त्यांचे उद्धवराव वर्तमानपत्रात आणखी खोल शिरत आणि कोंडीराम घागर उचलायला धावे. पलीकडच्या कुसुमताईंची कपड्यांची दोरी बांधून देणं, त्यांच्या रडक्या पोराला खांद्यावर घेऊन हिंडवणं, हीही कामं ‘अहो’ म्हणताच होत. एकदा तर कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्या सावित्रीबाई दुपारच्या डुलकीत आपल्या कैलासवासी यजमानांना ‘अहो’ म्हणाल्या, तर हा दारात जाऊन उभा, काय हवं-नको विचारायला. सावित्रीबाईंना वाटलं, यजमान न्यायलाच आले. त्यांनी घाबरून पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. चाळीतल्या बायका कोंडीरामाला देवमाणूस म्हणत. पुरुष त्याला काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोंडीराम मूळचा चाकणकडचा. शेती भावांच्यात वाटून उरली ती एका बैलाला वळायलाही पुरेना, म्हणून पिंपरीकडे नवे कारखाने उठू लागले तेव्हा तो त्यातल्या एकात लागला. तिथे मोठाल्या लोखंडी टाक्या बनत. कोंडीरामाने टाकीच्या आत बसायचं, आणि बाहेरून जोडीदार पत्रे जोडणाऱ्या लालबुंद रिबिटावर घण घालू लागला की आतून त्या रिबिटाला लोखंडी ठोकळा रेटून धरायचा. देवळातल्या घंटेच्या आत बसून आरती ऐकावी, तसं ते काम होतं. फरक इतकाच, की ही आरती सकाळी सुरू होई ती भोंगा होईपर्यंत, आणि ओव्हरटाइम असला तर त्यानंतरही.

थोड्याच दिवसांत घरात रातकिडा शिरला. निदान कोंडीरामाला तसं वाटलं. घरी येऊन टेकला की किर्रर्र सुरू. त्याने लाकडं उपसली, ज्वारीचं पोतं ओतून पाहिलं, चुलीमागची भिंत पोखरली. बायकोने, म्हणजे गवराबाईने, किडा कुठे आहे म्हणून विचारलं तर तो तिच्यावरच डाफरला, की एवढा मोठ्याने ओरडतोय आणि तुला ऐकू येत नाही? मग तो सणाला सासुरवाडीला गेला, तर रातकिडा तिथे आधीच हजर. परतीच्या वाटेवर एसटीतही तो होताच. तेव्हा कुठे कोंडीरामाच्या ध्यानात आलं, की किडा घरात नाही, आपल्या डोक्यात आहे.

रातकिडा आला तो एकटा राहायला तयार नव्हता. त्याने बाकीच्या आवाजांना हळूहळू बाहेर काढलं. पाखरं गेली, सायकलीची घंटी गेली. बायकांच्या आवाजातली धार गेली, आणि सगळ्या बायका एकाच आवाजात बोलू लागल्या. साखर म्हणा, भाकर म्हणा, कापड म्हणा की पापड म्हणा, कोंडीरामाला सगळं सारखंच. ‘अहो’ तेवढं अजून पोचत होतं. पण ते घरचं की शेजारचं, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

आता हे त्याने सरळ सांगून टाकायला हवं होतं. कारखान्यात थट्टा झाली असती, तिचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती गवराबाईची. गवराबाई हळू बोलणारी. लग्न झालं तेव्हा तिचं ते हळू बोलणं त्याला फार आवडलं होतं, दोघांच्या मधलंच काहीतरी असल्यासारखं वाटायचं. आणि सगळ्यांत आधी नेमकं तेच गेलं. तिचं बोलणं मला ऐकू येत नाही, हे तिलाच कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून तो गप्प राहिला आणि त्याने एक युक्ती काढली. कुणीही काहीही विचारलं तरी ‘व्हय’ म्हणायचं. ‘न्हाई’ म्हटलं की माणसं कारण विचारतात, ‘व्हय’ म्हटलं की गप्प बसतात, असा त्याचा अनुभव होता.

गवराबाई चुलीकडे तोंड करून म्हणायची, मीठ संपलंय, येताना आणा. मागून ‘व्हय’ येई. मीठ येत नसे. गळक्या पत्र्यालाही ‘व्हय’, तुटलेल्या खाटेलाही ‘व्हय’. आणि दारात येऊन पाहावं, तर हा शालनबाईंच्या घागरी वाहतोय. गवराबाईच्या मस्तकात तिडीक जाई. तिने भांडी आपटून पाहिली. पण दिवसभर टाकीत बसून आलेल्या माणसाला भांडी आपटल्याचं काय? मग तिने अबोला धरला. तो किती दिवस चालला कोण जाणे, कारण कोंडीरामाला त्याचा पत्ताच नव्हता. घरात हल्ली कसं शांत-शांत असतं, असं तो जोडीदाराला कौतुकाने सांगत होता.

आणि मग त्या रविवारी लुगड्याचं प्रकरण झालं.

शालनबाई न्हाणीत आंघोळीला गेल्या आणि लुगडं दोरीवरच विसरल्या. आतून त्यांनी ‘अहो, दोरीवरचं लुगडं द्या बरं’ म्हणून हाक मारली. उद्धवराव खोलीत दाढी करत होते. कोंडीराम दारात बसला होता. त्याच्या कानांवर ‘अहो’ पडलं, आणि नशीब असं, की ‘लुगडं’ही पडलं. गवराबाई दळण आणायला गेलीय हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण जाते म्हणून ती सांगूनच गेली होती. आपली बायको किती दिवसांनी काही मागतेय, या आनंदात तो उठला, दोरीवरून गवराबाईचं हिरवं लुगडं काढलं आणि न्हाणीच्या दाराच्या फटीतून आत हात घातला. आतून कुणी ते घेईना. तेव्हा तो लाडाने म्हणाला, “घे की. मी हाय, लाजतीस कशाला?”

शालनबाईंची किंकाळी रुळांपलीकडे गेली. अर्ध्या दाढीनिशी उद्धवराव बाहेर आले. आणि दळणाचा डबा डोक्यावर घेतलेली गवराबाई नेमकी त्याच वेळी चाळीच्या तोंडाशी पोचली. तिने सगळं पाहिलं, डबा खाली ठेवला आणि तडक आपल्या खोलीत गेली.

सावित्रीबाईंच्या ओट्यावर चाळ जमली. कोंडीरामाला मध्ये बसवलं. सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे त्याला कुणाचंच काही कळत नव्हतं, फक्त तोंडं हलताना दिसत होती. काहीतरी मोठं चुकलंय, एवढं त्याने ओळखलं आणि नेहमीची युक्ती घट्ट धरली. उद्धवराव गळ्यातल्या टॉवेलाने साबण पुसत पुढे झाले.

“आमच्या घरच्यांस्नी लुगडं तुम्ही दिलं?”

“व्हय.”

“जाणूनबुजून?”

“व्हय.”

“आन् उद्या पुन्हा असंच करणार?”

“व्हय, व्हय,” कोंडीराम त्यांना धीर देत म्हणाला.

इतका कबूल होणारा गुन्हेगार कुणी पाहिला नव्हता. सावित्रीबाईंनी तर कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात गवराबाई खोलीच्या दारात आली. तिच्या काखेत गाठोडं होतं.

गाठोडं समजायला कान लागत नाहीत. कोंडीराम उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, तर तिने पदर तोंडावर धरलेला, ओठसुद्धा दिसेनात. पदराआडून ती म्हणाली, “मी जाऊ का म्हायेराला?”

तिने काहीतरी विचारलं, एवढंच त्याला कळलं. काय विचारलं असेल ते असो, आपण मान्य करावं, म्हणजे ती थांबेल.

“व्हय,” तो हात जोडून म्हणाला.

गवराबाई निघालीच असती. पण तोंडाने ‘व्हय’ म्हणणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरले होते आणि पाय उंबऱ्यात आडवा होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तशीच, पदराआडून, हळू आवाजात विचारलं, “तुमच्या डोस्क्यात दगडं भरल्यात का?”

“व्हय.”

“ह्या चाळीला काडी लावू?”

“व्हय. तू म्हणशील तसं.”

चाळीत कुणीतरी खुसखुसलं. गवराबाईने गाठोडं खाली ठेवलं. पदर बाजूला केला, नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि जन्मात बोलली नव्हती इतक्या मोठ्याने ओरडली, “तुमास्नी आईकू येत न्हाई का?”

कोंडीरामाने जोडलेले हात खाली घेतले.

“न्हाई,” तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं, टाकी, रातकिडा, सगळं. ऐकता ऐकता गवराबाई रडू लागली, आणि रडता रडता म्हणाली, मला वाटलं तुमचं मन उडालं माझ्यावरनं. ते अर्थात कोंडीरामाला ऐकू आलं नाही. उद्धवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण शालनबाईंनी लगेच त्यांना सुनावलं, की ज्याला ऐकू येत नाही तो पाणी भरतो आणि ज्याला ऐकू येतं तो पेपर वाचतो. त्या दिवसापासून घागरी उद्धवराव वाहू लागले. कोंडीरामाबद्दल त्यांचं मत काही सुधारलं नाही.

खडकीच्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, गेलेलं ऐकणं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. मुकादमाला सांगून कोंडीरामाने टाकीच्या आतून बाहेर, रंगाच्या कामावर बदली करून घेतली. रातकिडा काही बदली घेईना. तो राहिला.

प्रश्न उरला ‘अहो’चा. सावित्रीबाईंचं म्हणणं, गवराबाईने सरळ नाव घेऊन हाक मारावी. गवराबाईने कानांवर हात ठेवले. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, ते पाप ती करणार नव्हती. मग सावित्रीबाईंनीच तोड काढली. उखाण्यात नाव घेतलेलं देवालाही चालतं. तेव्हा गवराबाईने उखाण्यात हाक मारावी.

चाळीला नवी करमणूक मिळाली. सकाळी नळावर पाणी आलं की गवराबाई दारात उभी राहून, मान खाली घालून, पण खणखणीत आवाजात म्हणायची:

“चाकणच्या बाजारात कांद्याला भाव,
बादली घेऊन या की कोंडीरामराव.”

बायका हातातली कामं टाकून ऐकायला येत. कोंडीरामाला आधीचं काही समजत नसे, पण नाव तेवढं पोचे आणि तो हसत उठे. त्रास एवढाच, की घाईची कामं उखाण्यासाठी थांबत नाहीत. “चुलीवर दूध, दुधावर साय, कोंडीरामराव आले तर उतू जाणार न्हाय,” हे तिचं म्हणून होईपर्यंत दूध उतू जाऊन चूल विझलेली असे.

अशातच एक दिवस दोघं बाजाराला गेली. चाळीतली पाच-सहा माणसंही बरोबर होती. गवराबाई रस्त्याच्या अलीकडे भाजी घेत होती, कोंडीराम भोपळा खांद्यावर घेऊन मुंबई-पुणे रस्ता ओलांडत होता. मध्येच त्याची वहाण तुटली. भोपळा रस्त्यावर ठेवून तो वाकला. आणि विटा भरलेली एक लॉरी मागे सरकत सरकत त्याच्या पाठीशी येऊ लागली. क्लीनर ओरडत होता, उद्धवराव ओरडत होते, कोंडीराम वहाणेचा अंगठा चाचपत होता.

गवराबाईने ते पाहिलं. ‘अहो’ म्हणावं तर बाजारातले सगळेच अहो. सवयीने तिच्या तोंडून “मुंबई-पुणे रस्त्यावर...” इतकं निघालंदेखील. पण पुढे यमक जुळवायला वेळ नव्हता. तिने डोळे मिटले.

“कोंड्या!”

त्याची आई गेल्यापासून त्याला अशी हाक कुणी मारली नव्हती. तो बेडकासारखा उडाला आणि गटाराच्या कडेला जाऊन पडला. लॉरी भोपळ्यावरून गेली.

सारा बाजार थांबला. उद्धवरावांनी जीभ चावली, शालनबाईंनी तोंडाला पदर लावला. भर रस्त्यात बायकोने नवऱ्याला नावाने हाक मारली, तीही अशी. गवराबाई तिथेच खाली बसली. काय केलं आपण, हे तिला उमगत होतं, आणि तो जिवंत आहे, हेही.

कोंडीराम अंगावरची धूळ झटकत रस्ता ओलांडून आला. त्याचा चेहरा गंभीर होता. आता हा काय करतो, म्हणून सगळे पाहू लागले. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“काय म्हणलीस?”

“काय न्हाई.”

“काय तरी म्हणलीस. मला आईकू आलं न्हाई.”

गवराबाईने आजूबाजूला पाहिलं. मग डोळे पुसून, अगदी हळू, पहिल्यासारखं म्हणाली, “कोंड्या.”

“आं? जरा मोठ्यानं.”

“कोंड्या,” ती लाजून लाल होत जरा मोठ्याने म्हणाली, आणि भाजीवाल्या बायका खदखदून हसल्या.

रस्त्याच्या त्या टोकाला त्याला पहिलीच हाक लख्ख ऐकू आली होती. कोंडीरामाने कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली आणि दुसरा कान पुढे केला.