सोनटक्के काकांचा जर्मन कीबोर्ड

दर रविवारी दुपारी पावणेतीनला सोनटक्के काका दिवसातली दुसरी दाढी करतात, इस्त्रीचा निळा शर्ट घालतात, पाणी लावून भांग पाडतात आणि कम्प्युटरसमोर बसतात. कम्प्युटरला कॅमेरा नाही.

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले, तेव्हा माझ्या कामांच्या यादीत सातव्या नंबरवर 'सोनटक्के काका – नोटिसा' असं होतं. मी सगळ्याची यादी करते. काम झालं की लाल खूण, नाही झालं की पुढच्या पानावर.

नोटिसा टाइप करून लिफ्टशेजारी चिकटवायचं काम काका हौसेने करत. वेळेवर, सरळ रेषेत, चारही कोपऱ्यांना टेप लावून. अडचण एवढीच की त्या कुणाला वाचता येत नसत. इंग्रजीत जिथे वाय हवा तिथे झेड आणि झेड हवा तिथे वाय. कंस उघडायचा तिथे चांदणी. पाण्याच्या टाकीची सफाई सोमवारी होती, तर तळमजल्यावरचे भाटियाजी नोटीस घेऊन माझ्या दारात. "मैडम, ये मंडाज़ कौन सा दिन होता है? छुट्टी रहती है क्या?"

मी काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे मला बसवलं आणि कारण दाखवलं. काकांचा कम्प्युटर म्हणजे तळहातावर मावेल अशी हिरवी पट्टी, हौशी लोक खटपटीला घेतात तसली. ती त्यांनी श्रीखंडाच्या डब्यात बसवली होती. हवा खेळावी म्हणून डब्याला तापल्या सुईने भोकं पाडली होती. वेलची-केशर हे लेबल तसंच होतं.

"हा मूळचा इंग्लंडचा," काका म्हणाले, "म्हणून आतलं सेटिंग इंग्लंडचं. कीबोर्ड केतकीचा जुना, जर्मनीचा. तिकडे वाय आणि झेडच्या जागा उलट. आता बटण जर्मनीत दाबलं जातं आणि अक्षर इंग्लंडचं उमटतं. यात चूक कुणाचीच नाही, सेक्रेटरीबाई. लेआउट वेगळाय."

केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. हॅम्बुर्गला सॉफ्टवेअरमध्ये आहे.

'लेआउट वेगळाय' हे काकांचं सगळ्या जगाबद्दलचं मत होतं. मेट्रोत उतरणाऱ्यांच्या आधी चढणारा माणूस, रात्रीचे रागदारी आळवणारे भाटियाजी, मी दिलेली गुळाची आमटी – कुणावरही ते रागावत नसत. आमटी चाखून म्हणाले, "छान आहे. लेआउट पुणेरी आहे." एकदा पार्किंगवरून दोन घरं हातघाईवर आली होती. काका खाली उतरले आणि मध्ये उभे राहून दोघांना समजावू लागले, की भाईसाहब, दोनों के बटन सही हैं, सिर्फ लेआउट अलग है. ते दोघं मिळून काकांवरच घसरले आणि त्या भरात आपलं भांडण विसरले. काका मात्र समाधानाने वर आले.

रविवारच्या दाढीचा उलगडा मग झाला. दर रविवारी तीन वाजता केतकी हॅम्बुर्गहून या कम्प्युटरमध्ये शिरते. म्हणजे ती तिथे माउस हलवते आणि इथे पडद्यावरचा बाण हलतो. कीबोर्डचा घोळ दुरुस्त करायला येते. तास-दीड तास लागतो. एका कोऱ्या पानावर दोघं एकमेकांना टाइप करून सांगत राहतात, काय करायचं, काय नाही.

"बोलत का नाही?" मी विचारलं.

"बोलायचं काय?" काका म्हणाले. "काम चाललेलं असतं."

काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. त्या असताना मुलीचा फोन आईला यायचा. तासभर चालायचा. शेवटी काकू फोन काकांच्या हातात देत. काका 'बरंय ना?' म्हणत, केतकी 'हो, बरंय' म्हणे, आणि फोन ठेवला जाई. काकू गेल्यावर त्या तासाभराचं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझं लक्ष सातव्या नंबरवर होतं. दोन वर्षं एक इंजिनिअर मुलगी दर रविवारी दुरुस्ती करते आणि सोमवारी पुन्हा मंडाज़ उमटतो, याचा अर्थ मी एवढाच काढला की पोरगी आपल्या कामात यथातथाच असावी.

आमच्या आर. के. पुरमच्या ऑफिसातल्या कम्प्युटरवाल्याला विचारलं. त्याने चिठ्ठीवर चार पायऱ्या लिहून दिल्या: हा मेनू उघडा, इथे कीबोर्ड म्हणा, यादीतून जर्मन निवडा, बंद करून चालू करा. शनिवारी सकाळी मी चिठ्ठी घेऊन गेले. अकरा मिनिटं लागली. वायच्या जागी वाय उमटला, कंस उघडले, कंस मिटले.

"आता कधीच बिघडणार नाही," मी म्हणाले.

"कधीच?" काकांनी विचारलं.

"कधीच."

"बिल्कुल ठीक," काका म्हणाले आणि श्रीखंडाच्या डब्यावरची धूळ रुमालाने पुसत राहिले. चहा विचारायला विसरले. मी घरी येऊन लाल खूण केली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तीनच्या सुमाराला सहीचं रजिस्टर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काका बनियनवर होते. दाढी वाढलेली. कम्प्युटर चालू होता आणि पडद्याच्या मधोमध बाण उभा होता.

"केतकी?" मी विचारलं.

"तिला सांगितलं, सगळं नीट झालं. म्हणाली, बरं झालं बाबा. म्हणजे आज मी मोकळी." त्यांनी सही केली. "तिलाही आराम हवाच ना. आठवडाभर राबते."

सोमवारी ऑफिसात डबा खाताना मी सहज वर्माजींना सांगितलं, की आमच्या सोसायटीत एक सोनटक्के आहेत, त्यांचा कीबोर्ड मी दुरुस्त केला. वर्माजी निवृत्तीला आलेले, सगळ्या मंत्रालयांतून फिरलेले. त्यांचा घास हातातच राहिला.

"सोनटक्के साहब का? आपने?" आणि मग ते हसायलाच लागले. त्यांच्या जुन्या मंत्रालयात टाइपरायटर जाऊन कम्प्युटर आले, तेव्हा अख्ख्या विभागाला शिकवायला सोनटक्केच होते. "आँख पर रूमाल बाँधकर टाइप करते थे, मैडम. तीन-तीन लेआउट उँगलियों में थे. जिसका कीबोर्ड बिगड़े, वो उन्हीं के पास जाता था."

मी डबा बंद केला. संध्याकाळी मेट्रोत यादी काढली आणि सातव्या नंबरची लाल खूण बराच वेळ बघत बसले. खिडकीबाहेर यमुना नदी आली आणि गेली.

रविवारी अडीचला मी काकांची बेल वाजवली. चिठ्ठी हातात होती.

"काका, ते सेटिंग माझ्याकडून चुकलं बहुतेक. पूर्वीसारखं करून ठेवते. पायऱ्या उलट्या करायच्या, एवढंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची ओढून बसले, हात कीबोर्डवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बोटं चालवली. माझी पहिली पायरी वाचून होण्याआधी काम झालं होतं. मग ते दाढी करायला गेले.

निळ्या शर्टात बाहेर येऊन त्यांनी फोन लावला. "केतकी, अगं परत झेड येतोय."

तीनला बाण हलला. आधी जरासा थरथरला, मग पडद्यावर एक गोल फिरला, कुणी घरात शिरून इकडेतिकडे बघावं तसा. कोऱ्या पानावर अक्षरं उमटली: 'बाबा, हात काढा.'

काकांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

मी मागे उभी होते. चिठ्ठीतली पहिली पायरी मला आता पाठ होती: वर डाव्या कोपऱ्यातला मेनू. बाण तिकडे गेला, त्यावर क्षणभर थांबला आणि खाली वळला. केतकीने घड्याळाचं सेटिंग उघडलं आणि मिटलं. आवाजाचं उघडलं. पडद्याचा रंग निळा केला, मग हिरवा. मध्येच लिहिलं, 'जेवलात का?' काकांनी एका बोटाने शोधत शोधत टाइप केलं, 'हो. वांग्याची भाजी.' मग काकूंच्या भाजीत तीळ असायचे की खोबरं, यावर पानभर मजकूर झाला.

सव्वाचार वाजले. त्या मेनूला तिने हातही लावला नव्हता.

'आज नाही होत बाबा,' तिने लिहिलं. 'पुढच्या रविवारी बघू.'

'घाई नाही,' काकांनी लिहिलं.

पाण्याच्या टाकीची नोटीस आता दर तीन महिन्यांनी मंडाज़चीच निघते. काका ती चिकटवून वर आले की मी लिफ्टपाशी जाते आणि पेनाने झेडचे वाय करते. यादीत त्या कामाला नंबर दिलेला नाही.