सृष्टीच्या वाढदिवसाची गाभण पाहुणी

मूल जन्माला घालण्याचा खर्च एकदाच येतो. ते जन्मलं होतं याची आठवण ठेवण्याचा खर्च मात्र दरवर्षी येतो आणि दरवर्षी वाढतो. हे मी एका सरकारी कचेरीत उभी हयात घालवून, विचारांती सांगतो आहे. त्यामुळे त्यात तथ्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेत मी वरच्या मजल्यावर राहतो. खाली सिद्धनाथ राहतो. तो नवी पेठेतल्या एका दुकानात साड्या दाखवतो (विकत घेणं गिऱ्हाइकाच्या हातात, दाखवणं त्याच्या). त्याची बायको प्रियदर्शनी घरीच ब्लाऊज शिवते. त्यांची मुलगी सृष्टी पहिलीत आहे. घरामागे परस आहे. त्यात एक हौद, एक शेवगा आणि कुणीही न लावता आलेलं भरपूर गवत.

सृष्टीच्या वर्गातल्या पृथ्वीराजचा वाढदिवस नुकताच एका हॉलमध्ये झाला होता. तिथे उड्या मारायचा हवेचा किल्ला होता, गालावर वाघ रंगवणारा माणूस होता आणि पास्ता होता. सृष्टीने नेलेल्या भेटीपेक्षा तिला मिळालेली परतभेट मोठी निघाली. प्रतिष्ठित वाढदिवसाची हीच खूण असते : पाहुण्याने घरी जाताना थोडं ओशाळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी सृष्टीला विचारलं, "तुझ्या बर्थडेला काय असणार?"

सृष्टी म्हणाली, "खरे प्राणी."

हे तिने घरी सांगितलं तेव्हा सगळ्या वर्गाला तोंडी आमंत्रण गेलेलं होतं. सिद्धनाथ धावत वर आला.

"काका, आता काय करायचं? हॉल तर परवडायचा न्हाय. आणि ही पोरगी प्राणी म्हणतीया!"

मी त्याला धीर दिला. म्हटलं, शासनात जे काम करायला पैसे नसतात त्याला आधी नाव देतात. नाव चांगलं असलं की निम्मं काम झालंच. परसातलं गवत काढायला मजूर लागणार होता. आम्ही समारंभाला 'जंगल' असं नाव दिलं आणि गवत जागच्या जागी सजावटीत वर्ग झालं. मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर कपड्यांच्या दोरीवर टाकली, तो पडदा झाला. सँडविचमध्ये शेंगाचटणी ठरली (मुलांना सोसावी म्हणून दह्यात कालवून). जादूगार म्हणून दुकानातला शिवानंद येणार होता. तो कानातून नाणं काढतो. नाणं त्याचंच असतं, त्यामुळे तो भाग तोशिशीचा नव्हता.

राहिले प्राणी. सिद्धनाथचे वडील बिरुदेव सांगोल्याकडे गावी असतात. त्यांची मेंढरं आहेत, चार शेळ्या आहेत. सिद्धनाथने फोन केला.

"आबा, सृष्टीच्या वाढदिवसाला येताना एक शेळी आणाल का?"

"कापायची हाय का?"

"न्हाय हो. दाखवायची हाय."

पलीकडून आबांनी "दाखवायची?" असं दोनदा विचारून घेतलं. शेळी दाखवावी लागते असे लोकही जगात आहेत, हे बिरुदेवांना प्रथमच समजत असावं. शेवटी ते म्हणाले, "बाकीची जनावरं रानात जात्यात. एक गाभण हाय, दावणीला. तिचं दिस भरल्यात. तिला ठिवून मला तसंबी येता येणार न्हाय. तीच आणतो."

अशा रीतीने प्रमुख पाहुणी निश्चित झाली.

भाजीच्या परतणाऱ्या टेम्पोतून आबा आणि शेळी सकाळीच येऊन पोचले. सोबत एक पोतं लेंडीखत होतं. प्रियदर्शनीने ते ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाच्या पुरचुंड्यांत बांधलं, वर रंगीत नाडी लावली आणि परतभेटीचा प्रश्न निकाली निघाला. मी तिचं मनापासून अभिनंदन केलं. एवढ्या कमी तरतुदीत एवढं विपुल वाटप मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर मुलं आली. त्यांना सोडायला आलेल्या काही आयाही थांबल्या. त्यांत पृथ्वीराजची मम्मी होती. तिने गवत पाहिलं, चादर पाहिली, सँडविच हातात घेऊन त्याची जाडी पाहिली आणि म्हणाली, "किती साधं, नाही? छान." ('छान' हा शब्द आधी न येता नंतर आला की त्याचा अर्थ बदलतो.) प्रियदर्शनी हसली, पण तिचे कान लाल झाले. सृष्टी मात्र शेळीच्या दाव्याशी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "बघ, खरी आहे. हात लाव."

मुलांनी हात लावला. मग त्यांचं काम संपलं. शेळी एका जागी उभी होती आणि उड्या मारायच्या किल्ल्यासारखी उड्या मारू देत नव्हती. पृथ्वीराज म्हणाला, "ही काही करतच नाही." सृष्टीचा चेहरा उतरला. सिद्धनाथने घाईघाईने शिवानंदला पुढे केलं.

शिवानंदने एका मुलीच्या कानातून नाणं काढायला हात उचलला आणि शेळी ओरडली. साधं ओरडणं नव्हतं ते. ती खुराने जमीन उकरू लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. आबांनी हातातला चहा हौदावर ठेवला.

"पोरांनू, जरा मागं सरा. गप बसा. बाई अडचणीत हाय."

सगळा वर्ग गवतात खाली बसला. (त्यांच्या शाळेतल्या बाईंना हे वर्षभरात साधलं नव्हतं, असं नंतर कळलं.) पृथ्वीराजची मम्मी दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, मुलांसमोर हे असं?"

प्रियदर्शनीने एकदा मुलांकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. "ताई, ही पोरंबी अशीच आल्यात की. हॉल बुक करून न्हाई आली."

आधी दोन खूर दिसले, मग नाक. शिवानंद नाणं तसंच धरून उभा होता. एवढी मोठी वस्तू कुठून येते आहे हे पाहून त्याचा व्यवसायावरचा विश्वास डळमळला असावा. मग एका झटक्यात करडू गवतावर आलं. ओलं, काळं आणि निपचित.

ते हलेना.

आबांनी बोटाने त्याचं नाक-तोंड साफ केलं, मागचे पाय धरून उलटं झुलवलं. काही नाही. "फडकं द्या काय तरी!" ते ओरडले. सृष्टीने धावत जाऊन दोरीवरची चादर ओढली. मोरांसकट.

"चोळ, सृष्टे. छातीवर चोळ. भिऊ नगंस, जोरानं."

सृष्टी चोळत राहिली. तिचा नवा फ्रॉक भरला, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हते. आबांनी गवताची काडी करडाच्या नाकात फिरवली. एकदा. पुन्हा एकदा. करडू शिंकलं. मग त्याने मान हलवली आणि एवढंसं, चिरकं "बें" केलं.

आबांनी करडू शेळीच्या तोंडाशी ठेवलं. "जगलं," ते म्हणाले आणि मुंडाशाच्या टोकाने तोंड पुसलं; तोंड पुसताना डोळेही पुसावे लागतात, तसे पुसले.

कुणी सांगितलं नाही, पण सगळी मुलं उभी राहून वाढदिवसाचं गाणं म्हणू लागली. नावाच्या जागी पोचल्यावर गोंधळ झाला. निम्म्यांनी सृष्टी म्हटलं, निम्म्यांनी "बें". शेळी करडाला चाटत होती. सृष्टीला हात धुवायला लावून केक कापला, तेव्हा कुणी त्याचा आकार पाहिला नाही. सँडविचं संपली. शिवानंद दोन खाऊन निघून गेला.

पृथ्वीराज मात्र जाताना लेंडीखताची पुरचुंडी छातीशी धरून मोठ्याने रडत होता. "माझ्या बर्थडेला असं का नाही झालं?"

हा प्रश्न रास्त होता आणि त्याची सक्षम स्तरावर दखल घेतली गेली. चार दिवसांत त्याची मम्मी बिरुदेवांचा नंबर मागायला आली. पृथ्वीराजचा साडेसहावा वाढदिवस करायचं ठरलं होतं (अर्धे वाढदिवस हल्ली पूर्ण खर्चात करतात आणि त्यासाठी सहा महिने थांबतही नाहीत). एका वाढदिवसवाल्या कंपनीने त्याला 'नवजीवन सोहळा' असं नाव दिलं. नाव चांगलं होतं. मम्मीने आबांना फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो.

"काका, आम्हाला रविवारी संध्याकाळी साडेसहाला हवं आहे. केकच्या आधी."

"सांगतो की शेळीला," आबा म्हणाले. "ऐकली तर बघा."

आबांनी शेळी दिली नाही. कंपनीने दुसरीकडून आणली. हॉलमध्ये तिच्यासाठी हिरवी सतरंजी अंथरली होती, गळ्यात फुगे होते, गालावर वाघ रंगवणारा माणूस तिच्या गालाकडेही एकदा पाहून गेला. पाहुणे खुर्च्या मांडून वाट पाहत बसले. शेळीने आधी पास्ता खाल्ला, मग फुग्यांची दोरी खाल्ली, मग झोपली. साडेसहा झाले, साडेआठ झाले. कंपनीचा माणूस तिच्या पोटापाशी हळूच टाळ्या वाजवून पाहत होता. शेवटी लोकांनी जेवून घेतलं. सृष्टी त्या शेळीजवळ बसली होती. तिच्या कानात ती म्हणाली, "तुला पाहिजे तेव्हा कर. मी येईन." एवढं एक आमंत्रण त्या संध्याकाळी स्वीकारलं गेलं असावं, कारण शेळीने तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

पण मागणी थांबली नाही. आता आमच्या पेठेत अशा सोहळ्यांची आगाऊ नोंदणी चालते आणि दर सिद्धनाथच्या आवाक्याबाहेर गेला आहे (आबांची शेळी दरवर्षी तीच तारीख पाळेल असं नाही). पुढच्या वर्षी सृष्टीला हॉलमध्येच वाढदिवस करावा लागेल की काय, या काळजीत तो आहे. ते स्वस्त पडतं.

ही हकीकत मी आजवर पुष्कळ लोकांना सांगितली. सगळे खळखळून हसले. हसून झाल्यावर कुणी हलक्या आवाजात कंपनीचं नाव विचारलं, कुणी दर विचारला, एकाने स्वतःच्या मुलीची जन्मतारीख सांगून ठेवली. झालेलं करडू पाट होतं की बोकड, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

तुम्हीसुद्धा नाही. असो. तुमच्या चिरंजीवांची तारीख काय म्हणालात?