शंभराचा ठोका

दुकानात गेलं की मास्तरांचं हृदय शंभरावर आणि घरी आलं की सत्तरावर, ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात आली ती त्यांच्या जावयाच्या. जावई विमा कंपनीत होता. माणूस कधी आणि कशाने जाऊ शकतो याचा विचार करणं हा त्याचा पेशाच. सासऱ्यांना पेसमेकर बसवला त्याच आठवड्यात त्याने बोटाला लावून ठोके मोजायचा चिमटा विकत आणला होता, आणि तेव्हापासून सासरे जिथे दिसतील तिथे तो त्यांचं बोट धरत असे.

मास्तर म्हणजे शिवणकामातले मास्तर. एका गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता ते टेपसकट आडवे झाले, तेव्हा हृदयाचे ठोके मधेच गळतात हे उघडकीला आलं. मग दवाखाना, मग मशीन. ते बसवल्यावर त्याची तपासणी करणारी ताई मोठी बोलघेवडी होती. तिने मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला नीट समजावलं होतं.

"काका, हृदयाचा वरचा कप्पा हाक मारतो आणि खालचा ओ देतो. की झाला ठोका. तुमच्या खालच्याला हाक ऐकूच जाईना झालीय. म्हणून या मशीनच्या दोन तारा, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. वरची हाक आली की मशीन जराशी वाट बघतं. खालच्याने ओ दिली तर गप्प बसतं. नाही दिली तर त्याला हळूच टोचतं. वरचाच आळसावला तर त्यालाही उठवतं."

"म्हणजे मी घरात जे करते तेच," बायको म्हणाली.

"फक्त मशीन बोलत नाही," मास्तर म्हणाले, आणि बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना पुढचं वाक्य गिळावं लागलं.

पथ्याची जबाबदारी जावयाने आपल्याकडे घेतली. डावा हात काही दिवस वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही, हे दवाखान्यातून सांगितलेलं. पथ्यं यापेक्षा बरीच होती, पण तेवढ्यात जावयाला ऑफिसचा फोन आला आणि उरलेली ऐकायची राहिली. त्यांची भरपाई म्हणून त्याने एक पथ्य पदरचं घातलं. वाकायचं नाही!

शिंप्याने वाकायचं नाही म्हणजे माशाने भिजायचं नाही. दुकानात जमिनीवर टाचण्यांचा सडा असतो, तो उचलायचा कसा? जावयाने त्यावरही तोड काढली. जुन्या लाउडस्पीकरमधलं भलंथोरलं चुंबक काढून त्याला दोरी बांधून दिली.

"बाबा, दोरी खाली सोडायची. टाचण्या आपोआप वर. पाठीला त्रास नाही, छातीला त्रास नाही."

मास्तरांना ही युक्ती फार आवडली. ते चुंबक त्यांनी कामाच्या जाकिटाच्या छातीवरच्या डाव्या खिशात ठेवलं. उजव्या खिशात मोबाईल होता ना, जावयाच्याच आज्ञेवरून. संध्याकाळी दुकान बंद करताना जाकीट खिळ्याला अडकवायचं, आणि सकाळी आल्यावर पुन्हा चढवायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता.

आणि तेव्हापासून दुकानात छाती धडधडायला लागली.

"बरोब्बर शंभर!" चिमट्याकडे बघत जावई म्हणाला. "नव्व्याण्णव नाही, एकशेएक नाही. बाबा, या दुकानात काहीतरी आहे."

त्याने शोध सुरू केला. पहिला संशय शिलाई मशीनच्या हादऱ्यांवर गेला. मशीन बंद ठेवलं. ठोके शंभर. मग चहा बंद केला. शंभर. मग रेडिओ, मग इस्त्रीची वाफ, मग शेजारच्या दुकानदाराशी होणारं राजकारणावरचं बोलणं. शंभर, शंभर, शंभर. मास्तर बिनचहाचे, बिनरेडिओचे, अबोल असे हातशिलाई करत बसले, तरी हृदय आपलं घोड्यासारखं दौडत होतं.

दवाखान्यात नेलं, तर तिथे सत्तर. ताईने मशीनची तपासणी केली. "अगदी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मोबाईल डाव्या खिशात नाही ना ठेवत?"

"छे! मी असताना?" जावई छाती काढून म्हणाला. मास्तर त्या दिवशी दवाखान्यात जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जाकीट दुकानात खिळ्याला होतं.

आता संशय घ्यायला दुकानात एकच गोष्ट उरली. ती म्हणजे नाचाच्या बाई.

नाचाच्या बाई गावात नाचाचा वर्ग चालवत. शनिवारी संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम होता. समुद्राचा नाच बसवला होता, आणि लाटांचे निळे झालरीदार घोळ मास्तर शिवत होते. बाई दिसायला ठसठशीत, बोलायला मोकळ्या. दर दोन दिवसांनी माप बघायला यायच्या आणि दुकान हसून हसून डोक्यावर घ्यायच्या.

"मी म्हणत नाही, आई," जावई सासूला हळू आवाजात म्हणाला, "विज्ञान म्हणतंय. बाकी सगळं बंद करून पाहिलं. बाई तेवढ्या चालू आहेत."

मास्तरांची बायको तडक दुकानात आली. बाई आरशासमोर उभ्या होत्या आणि मास्तर त्यांच्या झालरीला टाचण्या लावत होते. तिने सरळ नवऱ्याच्या बोटाला चिमटा लावला. शंभर. बाई गेल्या. अर्ध्या तासाने तिने पुन्हा लावला. शंभर.

"गेली की ती!" मास्तर कळवळून म्हणाले.

"दारातून गेली. मनातून कुठे गेलीय?"

दुसऱ्या दिवसापासून बायको दुकानात पहाऱ्याला बसली. बसल्या बसल्या हात रिकामे राहीनात, म्हणून ती गुंड्या लावू लागली. गिऱ्हाईक आलं की मास्तरांच्या आधी तीच बोलू लागली. तीन दिवस बाई फिरकल्या नाहीत, दुकानात नवरा-बायको दोघंच, आणि चिमटा म्हणतोय शंभर.

तेव्हा तिच्या मनात वेगळाच विचार आला. तिने मागच्या आरशात पाहिलं, केसांवरून हात फिरवला. म्हणजे हे आपल्यामुळे? या वयात? दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून आली.

"कुठे लग्नाला जायचंय का?" मास्तरांनी विचारलं.

"गप्प बसा. बोट इकडे करा." चिमटा लागला. शंभर. ती लाजली. मास्तरांनी तिला लाजताना बऱ्याच वर्षांनी पाहिलं, पण का लाजली ते विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

जावयाला मात्र या आकड्यात काळ दिसत होता. त्याने निर्णय घेऊन टाकला. दुकान बंद! मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस जागा बघतच होता. त्याला शनिवारी दुपारी किल्ली द्यायची असं त्याने परस्पर ठरवलं.

"आणि समुद्राचं काय?" मास्तरांनी विचारलं. "लाटा अर्ध्या शिवून झाल्यात. पोरी काय नुसत्या मापावर नाचणार?"

"बाबा, समुद्र मोठा की जीव मोठा?"

 मास्तरांनी उभी हयात त्या दुकानात कापड कापलं होतं. हातातलं काम अर्धवट टाकून ते कधी घरी गेले नव्हते. शेवटी त्यांनीच हट्ट धरला. किल्ली द्यायच्या आधी एकदा ताईला पुन्हा दाखवायचं. ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "काका, या वेळी नटून येऊ नका. दुकानात जसे असता तसे उठून या."

शनिवारी सकाळी मास्तर गळ्यात टेप, कानावर खडू आणि अंगात जाकीट अशा थाटात दवाखान्यात हजर झाले. मागे ठेवणीतल्या कपड्यांतली बायको, तिच्या मागे जावई. ताईने नाडी धरली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"खरंच की. शंभर! काका, जरा इकडे सरका, मशीन बघू."

मास्तर टेबलावर पुढे झुकले. टेबलावर कागदाला लावायच्या टाचण्यांची वाटी होती. ती खळखळली. मग टाचण्या मुंग्यांसारख्या उठल्या आणि एकामागून एक मास्तरांच्या छातीला जाऊन चिकटल्या. ताईची कात्री टेबलावरून घसरत आली आणि खिशावर टपकन बसली.

बायको किंचाळली. "अगं बाई! मशीन बाहेर ओढतंय!"

"विजेचा झटका!" जावई दाराकडे पळाला. "कोणी हात लावू नका!"

ताई तेवढी जागची हलली नाही. तिने मास्तरांच्या खिशात हात घातला आणि दोरीला धरून ते भलंथोरलं चुंबक बाहेर काढलं. चुंबक लांब जाताच तिने पुन्हा नाडी धरली.

"सत्तर," ती म्हणाली. चुंबक मशीनशी नेलं. "शंभर." लांब नेलं. "सत्तर." मग तिला हसू आवरेना. "काका, चुंबक जवळ आलं की हे मशीन ऐकणंच सोडतं. हृदय काय म्हणतंय याकडे लक्षच देत नाही. ठरलेल्या चालीने आपलं टोचत सुटतं. आम्ही तपासताना मुद्दाम असं करतो. तुम्ही दिवसभर करत होतात! नशीब, काही वाकडं झालं नाही. हे चुंबक दिलं कोणी तुम्हाला?"

 मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोने एकाच वेळी दाराकडे पाहिलं. जावई भिंतीवरचं हृदयाचं चित्र अतिशय बारकाईने वाचत होता.

परतताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. मान न वळवता ती म्हणाली, "म्हणजे बाईही नव्हती. आणि मीही नव्हते."

मास्तरांना आत्ता कुठे ठेवणीतल्या कपड्यांचा उलगडा झाला. त्यांनी घसा साफ केला. "कान मशीनचे बंद झाले होते," ते म्हणाले. "माझे नाही. तू शेजारी बसून गुंड्या लावत होतीस, ते मला बरं वाटत होतं. मशीन नसतं तरी वाटलं असतं."

 तिने त्यांच्या जाकिटात अडकून राहिलेली एक टाचणी काढली आणि आपल्या बाहीला टोचून ठेवली.

दुकानाशी पोहोचले तर कव्हरवाला काचेचं कपाट घेऊन दारात उभा. जावयाने किल्लीची वेळ त्याला दिली होती, आणि तो वेळेआधीच आला होता.

"काकू, जरा सरकता का? कपाट आत घ्यायचंय."

"कसलं कपाट?" काकूंनी दारात दोन्ही हात रोवले. "हे शिवणकामाचं दुकान आहे. काही शिवायचं असेल तर आत या. नसेल तर उन्हात उभे राहू नका, काच तापेल."

"पण तुमच्या जावयांनी—"

"जावयांशी नंतर बोलू. जावईबापू, तुम्ही यांचं कपाट गाडीत चढवून द्या. आणि नीट वाका हं. वाकल्याने काही होत नाही."

मग दिवसभर दुकानात नुसती धांदल उडाली. मास्तर मशीनवर बसले. चहा आला, रेडिओ लागला, शेजारचा दुकानदार राजकारणासकट आला. नाचाच्या बाई धास्तावून आल्या, तर मास्तरांच्या बायकोने त्यांच्याच हातात सुई दिली. जावई जमिनीवर गुडघे टेकून एक एक टाचणी बोटांनी वेचत होता. ऊन उतरायच्या आत शेवटची लाट शिवून झाली.

कार्यक्रमात पडदा वर गेला आणि निळा समुद्र रंगमंचभर पसरला. पोरींनी गिरकी घेतली तेव्हा सगळ्या झालरी एकदम उठल्या, फुटल्या आणि विरल्या. सभागृहातून असा हुंकार निघाला, जणू पहिल्या रांगेतले लोक भिजलेच. शेवटी बाईंनी माईक घेतला. "हा समुद्र ज्यांनी शिवला, ते मास्तर वर येतील का?"

मास्तर वर गेले. गळ्यात टेप तशीच होती. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. उभ्या हयातीत मास्तरांनी आपण शिवलेले कोट लोकांच्या अंगावर टाळ्या घेताना पाहिले होते. आज टाळ्या त्यांच्या स्वतःच्या नावाने पडत होत्या. ते खाली उतरले तेव्हा जावई चिमटा घेऊन धावत आला.

"बाबा, बोट!"

मास्तरांनी हात पाठीमागे घेतला. "आज नको. आज जितके पडायचेत तितके पडू दे. आजचे ठोके माझे आहेत."

सोमवारी दुकानापुढे रांग लागली. ज्यांनी समुद्र पाहिला होता, त्या सगळ्यांना काही ना काही शिवायचं होतं. गल्ल्याशी मास्तरांची बायको बसली होती, आणि मास्तर तिने सांगितलेल्या क्रमाने मापं घेत होते. दुपारी जावई आला. त्याला ऑफिसच्या समारंभासाठी कोट हवा होता, आणि तोही परवापर्यंत. तो सरळ मास्तरांपुढे हात पसरून माप द्यायला उभा राहिला.

"अहो, तिकडे कुठे?" सासूबाई गल्ल्यावरून म्हणाल्या. "रांग इथून सुरू होते. महिना लागेल."

"आई, मी जावई आहे!"

"ते ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर महिना. बाकीच्यांना दोन लागतायत."